मामांची कारणमीमांसा

विधानसभेच्या मतदानाच्या सकाळी माझ्यावर आठ वेळा मत दिल्याचा आळ आला. तोवर मी एकदाही दिलेलं नव्हतं.

आमच्या घरात मतदान म्हणजे सण. माझे सासरे मोतीराम, मी त्यांना मामा म्हणते, रांगेत पुढं नसले तर त्यांना दिवसभर अन्न गोड लागत नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क दुपारची झोप काढून बजावायचा नसतो, हा त्यांचा नियम. त्यामुळे ऐन गारठ्यात आंघोळी उरकून आम्ही सगळे शाळेच्या लोखंडी कठड्याला धरून उभे होतो. माझा नंबर लागला. शाई लावणाऱ्या बाईंनी माझं बोट धरलं, पाहिलं आणि चटका बसल्यासारखं सोडून दिलं.

"ताई, तुमचं झालंय की मतदान."

"कुठं झालंय?"

"मग हे काय?"

मी खाली पाहिलं. दोन्ही अंगठे सोडले तर सगळी बोटं निळी पडली होती. केंद्राचे साहेब उठून आले. त्यांनी आधी बोटं मोजली आणि मग मी आठ गावं फिरून आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात बसलेल्या एका पोलिंग एजंटाला तर वेगळाच कायदा सुचला. तो म्हणाला, "साहेब, हा प्रचार झाला. आत निळा रंग लावून यायचं नसतंय."

मामा मत देऊन बाहेर पडले होते, ते तसेच मागं फिरले. "लावलेला नाय, आतून आलेला हाये!" ते ओरडले. "घ्या हा रुमाल. पुसून बगा. रंग निघाला तर मला आत टाका."

साहेबांनी खरंच घासून पाहिलं. घासल्यानं बोटांना ऊब आली आणि निळ्याची लाल झाली. एका सकाळीत इतके रंग बदलणारे आमच्या भागात फक्त पुढारी आहेत, त्यामुळे साहेब जरा दबकलेच. मला मत देऊ दिलं. निघताना मामांनी सगळ्या केंद्राला बजावलं, "ध्यानात ठिवा! बोटं निळी व्हती आन मोतीरामनं सोताच्या डोळ्यांनी पाह्यली!" हे वाक्य पुढं कामाला येणार आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. इंजिन उगाच बंद पडत नाही, ह्यावर त्यांचा पक्का विश्वास. जगात कारणाशिवाय काहीच घडत नाही, ह्या बुद्धाच्या शिकवणीवरही तितकाच. खरं तर त्यांच्या डोक्यात ह्या दोन्ही गोष्टी एकच आहेत. घरात नजर, करणी, नशीब आणि मागच्या जन्माचं पाप ह्या शब्दांना बंदी आहे. माझ्या सासूबाई गोजरबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ह्यांना माझी दृष्ट काढायची हुक्की आली की त्या चुलीत मिरच्या जाळतात आणि घरभर ठसका उठला की ठेचा करपला म्हणतात. आमच्याइतका ठेचा उभ्या मराठवाड्यात कुणाचा करपत नसेल.

निवृत्त झाल्यावर मामा फर्दापूरकडच्या एका मूर्तिकाराकडे जाऊन बसले आणि छिन्नी चालवायला शिकून आले. वस्तीतल्या विहारासाठी बुद्धमूर्ती मीच घडवणार, असं त्यांनी विहार कमिटीला सांगून टाकलं. भीमजयंतीचा मांडव उतरला आणि दुसऱ्याच दिवशी वाळूच्या दगडाचा एक तांबूस ठोकळा ट्रकमधून आमच्या अंगणात आला. मग ठकठक सुरू झाली. धुतलेल्या कपड्यांवर, वाळवणावर, माझ्या केसांवर तांबूस भुकटी बसायला लागली.

तोवर माझ्या बोटांचा कार्यक्रम घरात रुळला होता. फ्रीजमधून दही काढलं की बोटं आधी खडूसारखी पांढरी, मग निळी, मग लाल. एकदा आत्याबाई टक लावून बघत म्हणाल्या, "पंचशीलाच्या झेंड्याचे तीन रंग झाले गं. पिवळा आन केशरी ऱ्हायला. हळद कालवती का?" मामांना निळा टप्पा आवडायचा. तेवढा वेळ ते पेपर खाली ठेवून बघायचे.

मलाही हसू यायचं. पुढं पुढं ते कमी होत गेलं.

शहागंजच्या मागच्या गल्लीत माझं ब्युटी पार्लर आहे. भुवया कोरायचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत आणि दातांत धरावा लागतो. माझी बोटं आधी सुजल्यासारखी झाली, मग ताठत गेली. अंगठी निघेना, मूठ वळेना. तोंडही आवळत चाललं. आधी पाणीपुरी सोडली, मग भाकरीचा घास लहान केला. गंमत अशी की चेहरा मात्र तुकतुकीत दिसायला लागला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या गेल्या, आणि गिऱ्हाईक वाढलं. जुन्या गल्लीतल्या एक बाजी, म्हणजे उर्दूतल्या ताई, तर हटून बसल्या. "क्या लगाते जी तुम मुँह कू? एक झुर्री नै! हमकू बी वहीच लगाव." मी काहीच लावत नाही म्हटल्यावर त्या रुसल्या आणि मी इंपोर्टेड क्रीम लपवून ठेवते असा गल्लीभर बोभाटा झाला.

मग एका नवरीच्या भुवईवर माझ्या दातांतून दोरा सुटला. अर्धी भुवई गेली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती बिचारी एका बाजूनं चकित झालेली दिसते. त्या दुपारी मी शटर ओढून घेतलं आणि खुर्चीत बसून रडले. हात गेले तर माझ्याजवळ राहतं काय, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

अभय, म्हणजे माझा नवरा, मला संधिवाताच्या डॉक्टर पद्मजांकडे घेऊन गेला. मामा बोलावल्याशिवाय आले. डॉक्टरबाईंनी माझ्या हाताला चिमटा काढून पाहिला. चिमट्यात कातडी येईचना. रक्त तपासलं, छाती तपासली, आणि पुढच्या खेपेला नाव सांगितलं, "स्क्लेरोडर्मा. म्हणजे कातडी टणक होणं."

"आमची सून तशी गेंड्याच्या कातडीची नाय हो," मामा म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "शरीराचे रखवालदार असतात ना काका, बाहेरचे जंतू हाकलणारे, ते ह्या आजारात घरच्यांनाच चोर समजून बडवतात. त्या गोंधळात शरीर नको तेवढी खळ तयार करतं. जास्त खळ घातलेलं लुगडं कसं ताठ होतं, तशी कातडी होते. आतल्या अवयवांवरही लक्ष ठेवावं लागतं. मुळापासून जात नाही, पण औषधानं आवरता येतो. आजार तसा दुर्मीळ. लाखात थोड्यांनाच होतो."

माझ्या लग्नात मामांनी माइकवरून 'लाखात एक सून आणली' असं सांगितलं होतं. अभयनं माझ्याकडे पाहिलं, मी अभयकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते.

"कुनाला व्हतो?" त्यांनी विचारलं.

"बायकांना जास्त. एका पुरुषामागं चार-पाच बायका. बहुतेक तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान."

"बायकांनाच कामून?"

"नक्की माहीत नाही."

"आन व्हतो कायच्यानं?"

"तेही नक्की माहीत नाही."

मामा खुर्चीतून उठले. "बाई, म्या जलमभर गाड्या दुरुस्त केल्या. 'माहीत नाय' म्हणणाऱ्या मेकॅनिकला आमचा फोरमन झाडू माराया लावायचा."

"तुमचा फोरमन नशीबवान, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याच्याजवळ इंजिनाचा नकाशा होता."

नशीब हा शब्द मामांनी दवाखान्यात खपवून घेतला, पण 'माहीत नाही' हे त्यांना पचलं नाही. घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की कारण आपण शोधायचं. त्या दिवसापासून माझ्या हाताला काय झालं ह्यापेक्षा ते कुणामुळं झालं, ह्याचीच आमच्या घरात जास्त चर्चा होऊ लागली. औषधाची वेळ झाली हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही, आरोपी मात्र रोज नवा सापडायचा.

पहिला सापडला अभय. तो वाळूजच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे. कारखान्यातल्या काही रसायनांवर डॉक्टर लोकांचा संशय आहे, असं मामा डॉक्टरबाईंकडून विचारून आले. मग अभयनं कंपनीतून आलं की अंगणातच कपडे काढायचे आणि टॉवेल गुंडाळून घरात यायचं, असा हुकूम निघाला.

"अहो बाबा, त्या रसायनात हात माझे असतात," अभय दारातून कुडकुडत म्हणाला. "व्हायचं तर मला झालं असतं."

"बाया चार, पुरुष एक. तुझ्या वाटचं तिला झालं," मामांनी निकाल दिला.

दुसरा आरोपी माझं माहेर. हा आजार आईबापाकडून सरळ उतरत नाही, पण काही घराण्यांत असले रोग थोडे जास्त दिसतात, हे कळल्यावर मामांनी देवगाव रंगारीला माझ्या भावाला फोन लावला. "पुंजाराम, तुमच्या खानदानीत कुनाची कातडी कडक हाये का?"

"कातडीचं नाय सांगता येत, मामा," पुंजाराम म्हणाला. "डोकं मातर समद्यांचं कडक हाये."

शेजारच्या साळूबाईंनी साखर मागायला येणं बंद केलं. रोग लागट असेल म्हणून. मामा भर अंगणात माझ्या हातचा चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायले आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं ओरडले, "लागट नाय हो! साखरच कमी पडली आज!"

आत्याबाईंना कारणात रस नव्हता, त्यांचा ठेचा करपतच होता. पण एक दिवस त्याही बिघडल्या. तोंड आवळू नये म्हणून डॉक्टरबाईंनी मला व्यायाम दिला होता. आरशासमोर उभं राहून जबडा वासायचा, गाल फुगवायचे, दात विचकायचे. मी मन लावून करत होते आणि आरशात माझ्या मागं आत्याबाई उभ्या होत्या.

"सासूला वाकुल्या दावती?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्सं नाय दावल्या, आन आता रोगाच्या नावानं दावती?"

मी समजावायला गेले, पण जबडा अर्धवट वासलेला असल्यामुळं शब्द नीट निघेनात. त्या आणखी भडकल्या.

ह्या सगळ्यात मला हसावं की चिडावं कळत नव्हतं. मला कारण नको होतं. मला सकाळी ब्लाउजची बटणं लावता यायला हवी होती. पार्लरमध्ये भुवयांचं काम माझ्या मदतनीस आशाबाईंकडं गेलं होतं. मी फेशियल करायचे, हातमोजे घालून बसायचे आणि दोऱ्याच्या रिळाकडं बघत राहायचे.

पुढच्या खेपेला मामांनी डॉक्टरबाईंना कोंडीतच पकडलं. "रसायनं झाली, घरानं झालं. आनखी काय काय ऱ्हायलं ते एकदाच सांगा."

"काका, सगळे नुसते संशय आहेत. दगडाची धूळही त्यात आहे. खाणीत, दगडकामात ज्यांच्या छातीत वर्षानुवर्षं ती बारीक भुकटी जाते, त्यांच्यात हा आजार जास्त आढळलाय. वाळूच्या दगडात ती भुकटी भरपूर असते."

मामांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला. नखांत तांबूस भुकटी होती.

"आन घरातल्या मानसाला?" त्यांनी विचारलं. "जे काम करत नाय, नुसतं कपडे वाळत घालतंय?"

डॉक्टरबाईंना अंगणातल्या मूर्तीचं काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तेवढ्यानं झालं असं मी म्हणणार नाही. झालंच नाही, असंही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण धूळ कुणाच्याच छातीत जाऊ नये हे मात्र नक्की सांगते."

रिक्षात मामा नखांतली भुकटी काडीनं कोरून काढत होते. घरी आल्यावर त्यांनी मूर्तीवर ताडपत्री टाकली आणि दोरीनं करकचून बांधली. मूर्तीचा चेहरा झाला होता, चिवराच्या चुण्या झाल्या होत्या. राहिला होता फक्त वर उचललेला उजवा हात, भिऊ नकोस म्हणणारा. तिथं अजून नुसता ठोकळा होता.

आरोपी सापडला होता, आणि घर एकदम गप्प झालं. मामांनी पेपर वाचणं सोडलं. माझ्या बोटांकडं बघणं सोडलं. मी दही काढायला फ्रीज उघडला की ते उठून बाहेर जायचे. ज्या माणसानं अख्ख्या मतदान केंद्राला माझ्यासाठी अंगावर घेतलं, तो माझ्याच हातचा चहा खाली मान घालून प्यायला लागला. हात गेल्याचं दुःख मला होतंच, पण हे त्याहून वाईट होतं.

विहार कमिटीचे कडूबा विचारायला आले. दगड येऊन वर्ष उलटलं होतं, पुढची बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. "मोतीरामभाऊ, हात कधी व्हनार?"

"व्हनार नाय," मामा म्हणाले. "दुसरी मूर्ती इकत आना. ह्यो दगड म्या फोडून टाकनार हाये."

कडूबा गांगरले. आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून डोकं काढलं. आणि माझा मात्र संताप झाला. इतके दिवस घरात माझ्या हातावर कोर्ट भरत होतं आणि मला कुणी साक्षीलासुद्धा बोलावलं नव्हतं. मी बाहेर येऊन मामांसमोर उभी राहिले.

"मामा, मतदानाच्या दिवशी माझी बोटं कोणत्या रंगाची व्हती?"

"आता ते कायला?"

"सांगा."

"निळी."

"साक्षीदार कोण?"

"म्या," मामा पुटपुटले. "सोताच्या डोळ्यांनी पाह्यली."

"आन दगड कधी आला?"

मामांनी बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. मेकॅनिक विचार करत होता. मतदान थंडीत झालं. दगड जयंतीच्या मांडवानंतर, उन्हाळ्यात.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "बिघाड गाडी गॅरेजला यायच्या आधीचा."

"व्हय."

आत्याबाईंनी सुस्कारा सोडला. पण मामा प्रामाणिक माणूस, त्यांनी मान हलवली. "पन त्या भुकटीनं वाढला असंल तर?"

"असंल. नसंल. डॉक्टरबाईंना माहीत नाय, तर तुमाला कुठून माहीत?" माझा आवाज चढला. "मला कारण नगं मामा! मला डबीचं झाकण उघडून द्यायला माणूस पायजे. माझी बोटं निळी झाल्यावर भांडायला माणूस पायजे. कारण सापडलं आन तुमी हरवले, तर मी काय करू त्या कारणाला घेऊन?"

आणि मी रडायला लागले. मला रडायचं नव्हतं, कारण आवळलेल्या तोंडानं रडताना मी विचित्र दिसते. कडूबा चपलेत पाय घालायला लागले. मामा उठले, माझ्यासमोर आले आणि माझे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेऊन घासायला सुरुवात केली. बोटं निळी पडली होती. ती लाल होईपर्यंत घासली.

"जबड्याचा व्यायाम केला का आज?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"चल मंग."

आरशासमोर आम्ही दोघं उभे राहिलो आणि जबडे वासले. आत्याबाई मागून बघत होत्या. थोड्या वेळानं त्याही शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मामांकडं बघून असे काही दात विचकले, की इतक्या वर्षांच्या संसाराचा हिशेब त्यात चुकता झाला.

दुसऱ्या दिवशी मूर्ती हातगाड्यावर घालून विहारामागच्या मोकळ्या मैदानात नेली. धूळ घरात नको. मामांनी धुळीचा जाड मास्क आणला आणि दगडावर पाणी ओतत ओतत काम सुरू केलं. घरी यायच्या आधी ते आता अंगणात कपडे काढतात आणि टॉवेल गुंडाळून येतात. अभय दारात उभा राहून ते दृश्य मनापासून बघतो.

एका संध्याकाळी त्यांनी मला तिथं बोलावलं. "हात वर धर," म्हणाले. मी धरला. ते माझ्या हाताकडं बघायचे आणि छिन्नी मारायचे, बघायचे आणि मारायचे. मला वाटलं, मापासाठी असेल.

बुद्धपौर्णिमेला मूर्तीवरचं कापड काढलं. सगळी वस्ती होती, साळूबाईसुद्धा. चेहरा शांत होता, चिवर झकास उतरलं होतं. वर उचललेल्या हाताची बोटं मात्र सरळ नव्हती. पेरांत जराशी वळलेली होती, मूठ वळायला निघून वाटेत थांबल्यासारखी.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कडूबांनी मामांच्या कानाशी लागून विचारलं, पण कडूबांचं कानात बोलणं सगळ्या विहाराला ऐकू जातं. "मोतीरामभाऊ, बोटं वाकडी कामून?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग मूर्तीकडं.

"कारन माहीत नाय," ते मोठ्यानं म्हणाले. "आमच्यात अशीच असत्यात."

त्रिशरण सुरू झालं. मी हात जोडले. माझे तळवे आता पुरते जुळत नाहीत, मध्ये फट राहते. समोरच्या बुद्धानं हात जोडले असते, तर त्याचेही जुळले नसते.